धाप वेगळी, दमसास वेगळा

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडल्याशिवाय उत्तरपक्षाने तोंड उघडू नये, ही आपल्याकडच्या शास्त्रार्थाची जुनी शिस्त. ती पाळून आधी समोरच्याची बाजू सांगतो.

उंचावर हवा विरळ असते. विरळ हवेत शरीराला प्राणवायू कमी मिळतो. तो कमी पडला की शरीर जास्त तांबड्या पेशी तयार करतं, आणि त्या वाढल्या की स्नायूंना प्राणवायू जास्त पोचून माणूस जास्त वेळ, जास्त वेगाने धावतो. केनिया-इथिओपियाचे धावपटू डोंगरावर वाढतात आणि जग जिंकतात. जगातले बहुतेक नामवंत लांब पल्ल्याचे धावपटू वर्षातले काही आठवडे डोंगरावर सरावाला जातात. तेव्हा ज्याला फिटनेस हवा त्याने उंची गाठावी. हिमालय परवडत नसेल तर रविवारी सिंहगड चढावा, महाबळेश्वरला पळावं. तेही जमत नसेल तर तोंडाला झडपांचा मास्क लावून टेकडीवर पळावं, किंवा शहरातल्या जिममध्ये प्राणवायू कमी केलेल्या बंद खोलीत तासभर सायकल मारावी. धाप जितकी जास्त, तितका फायदा जास्त.

या साखळीचे पहिले दुवे खरे आहेत, म्हणूनच ती सहज पटते. चूक होते ती ‘तेव्हा’ या शब्दापाशी. तिथून पुढे जे काही येतं ते आधीच्या विधानांतून निघतच नाही. माझं म्हणणं असं की उंचीचा जो काही लाभ आहे तो तिथल्या मुक्कामाचा आहे, तिथल्या धापेचा नाही. हा भेद न केल्यामुळे पैसे जातात, वेळ जातो आणि क्वचित जीवही धोक्यात येतो.

सुरुवात हवेपासूनच करू. ‘डोंगरावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं’ हे वाक्य शिकलेल्या माणसांच्या तोंडीही सर्रास असतं. ते चूक आहे. मुंबईच्या चौपाटीवर आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेतला प्राणवायूचा वाटा एकच, २०.९ टक्के. कमी होतो तो हवेचा एकूण दाब, आणि त्यासोबत प्राणवायूच्या वाट्याचा दाब. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने हवेच्या दाबावरच्या आपल्या १८७८ सालच्या ग्रंथात हे प्रयोगांनी दाखवून दिलं. समुद्रसपाटीवर हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो, साडेपाच हजार मीटरवर तो जवळपास निम्मा होतो, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम अडीचशेच्या आसपास उरतो.

आता आपले डोंगर घ्या. कळसूबाई १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. महाबळेश्वर साधारण १३७० मीटर, सिंहगड १३१२. समुद्रसपाटीवरचा दाब शंभर धरला तर पुण्यात तो सुमारे ९४ असतो, सिंहगडावर ८५, कळसूबाईवर ८२. म्हणजे कमी झाला हे खरंच. पण रक्तातलं हिमोग्लोबिन या उतरणीच्या प्रमाणात रिकामं होत नाही. प्राणवायूचा दाब आणि हिमोग्लोबिनची भरती यांचा आलेख वरच्या टोकाला पठारासारखा सपाट असतो, आणि दाब बराच उतरेपर्यंत भरती नव्वद टक्क्यांच्या वरच राहते. सिंहगडाच्या उंचीवर निरोगी माणसाच्या रक्ताची भरती समुद्रसपाटीपेक्षा दोन-तीन टक्क्यांनीच कमी असते. आलेखाचा खरा उतार सुरू होतो तो अडीच-तीन हजार मीटरच्या पुढे. आपल्या डोंगरांवर मूत्रपिंडाला काही तुटवडा आहे असं वाटण्याचं कारणच पडत नाही.

मूत्रपिंड इथे कुठून आलं? तांबड्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात, पण त्या किती करायच्या याचा हुकूम मूत्रपिंडातून सुटतो. एरिथ्रोपोएटिन, थोडक्यात ईपीओ, हे त्या हुकुमाचं नाव. प्राणवायू कमी पडला की पेशींमधलं एक प्रथिन, जे एरवी तयार होता होताच मोडीत निघतं, ते टिकून राहतं आणि ईपीओचा जनुक चालू करतं. पेशीला तुटवडा कसा ‘कळतो’ याचा हा उलगडा केल्याबद्दल ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना २०१९ सालचं वैद्यकाचं नोबेल मिळालं. यंत्रणा सुंदर आहे, पण तिची चाल संथ आहे. ईपीओ काही तासांत वाढतं, दोन-तीन दिवसांत शिखर गाठतं आणि मग हळूहळू उतरतं. त्या हुकुमावरून घडलेली नवी पेशी रक्तात उतरायला आठवडा लागतो. अशा पेशी पुरेशा साठून शरीरातलं एकूण हिमोग्लोबिन मोजण्याइतकं वाढायला काही आठवडे जातात. आजवरच्या मोजमापांचा सरासरी हिशेब असा निघतो की पुरेशा उंचीवर काढलेल्या दर शंभर तासांमागे एकूण हिमोग्लोबिन सुमारे एक टक्क्याने वाढतं.

शंभर तास, एक टक्का. या हिशेबापाशी थोडं थांबायला हवं, कारण पूर्वपक्षाचा निम्मा डोलारा इथेच कोसळतो. शंभर तास म्हणजे अहोरात्र मुक्काम करून चार दिवस. सिंहगड दोन हजार मीटर उंच आहे असं वादापुरतं मानलं, तरी आठवड्याला वरचे दोन तास धरून शंभर तास भरायला वर्ष लागेल. आणि दर रविवारी दुपारी आपण खाली येतो, तेव्हा शरीराचा हिशेब पुन्हा शून्यावर येतो. प्राणवायू कमी केलेल्या खोलीत आठवड्यातून तीन वेळा तासभर सायकल मारणाऱ्याचे महिन्याला बारा तास होतात. नळ रोज तासभर ठिबकला आणि उरलेले तेवीस तास खालची तोटी उघडी राहिली, तर हौद भरत नाही.

मग सिंहगड चढताना जी छाती भरून येते ती कशाने? चढणीने. पायथ्यापासून माथा सुमारे सहाशे मीटर वर आहे, आणि सत्तर किलोचा माणूस स्वतःचं सगळं वजन तेवढं उचलून नेतो. मांड्या, पोटऱ्या, हृदय, फुफ्फुसं या सगळ्यांना जुंपणारा हा उत्तम व्यायाम आहे. दर रविवारी गड चढणाऱ्या, साठी उलटलेल्या माणसांना मी वर्षानुवर्षं पाहतो आहे, आणि त्यांच्या पायांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांची कमाई गुरुत्वाकर्षणाशी झुंजून झालेली आहे. तिचं श्रेय हवेला देणं हा त्या पायांवरचा अन्याय आहे. असा चढ समुद्रसपाटीवर मिळाला असता तरी फायदा तोच झाला असता.

मास्कचा निकाल त्याहून लवकर लागतो. तोंडाला झडप लावून श्वास ओढणं कठीण केलं म्हणून आत येणाऱ्या हवेचा दाब समुद्रसपाटीवरून डोंगरावरचा होत नाही. हवा तीच, फक्त ती ओढायला छातीच्या स्नायूंना कष्ट जास्त. शिवाय सोडलेल्या श्वासातली थोडी हवा मास्कमध्ये अडकून परत आत जाते. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या संशोधकांनी २०१६ साली चोवीस जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा आठवडे सगळ्यांनी सारखीच जोरकस सायकल मारली, निम्म्यांनी मास्क लावून, निम्म्यांनी न लावता. मास्कवाल्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये फरक पडला नाही. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, जिला व्हीओटू मॅक्स म्हणतात, ती मात्र दोन्ही गटांत दहा टक्क्यांहून जास्त वाढली, आणि दोन गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. हा दहा टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवावा. नुसत्या सायकलने, सहा आठवड्यांत, बंद खोलीत न जाता, मास्क न लावता मिळालेली ही वाढ आहे.

आता पूर्वपक्षाचा सगळ्यात आवडता दाखला, १९६८ सालचं मेक्सिको सिटीचं ऑलिंपिक. शहर २२४० मीटर उंचीवर. तिथे पंधराशे मीटर शर्यत केनियाच्या किप केइनोने जिंकली आणि अमेरिकेच्या जिम रायनला जवळपास तीन सेकंदांनी मागे टाकलं. पाच हजार मीटर ट्युनिशियाचा मोहम्मद गम्मूदी, दहा हजार केनियाचा नफ्ताली तेमू, मॅरेथॉन इथिओपियाचा मामो वोल्डे. दहा हजार मीटरच्या विश्वविक्रमाचा मानकरी ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क सहावा आला आणि शर्यत संपताच बेशुद्ध पडला. डोंगरावरच्या माणसांचा विजय, सपाटीवरच्यांचा पराभव, इतकं सरळ चित्र यातून काढलं गेलं आणि उंचीवरच्या सरावाची लाट तिथून उसळली.

पण याच शर्यतींच्या वेळा पाहा. क्लार्कचा १९६५ सालचा विश्वविक्रम होता २७ मिनिटं ३९ सेकंद. तेमूने सुवर्ण जिंकलं ते २९ मिनिटं २७ सेकंदांत, म्हणजे पावणेदोन मिनिटांहून अधिक उशिरा. डोंगरावर जन्मलेला विजेतासुद्धा विरळ हवेत कितीतरी हळू पळाला. त्याच मैदानावर बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारून जुना विक्रम ५५ सेंटिमीटरनी मोडला आणि जिम हाइन्स शंभर मीटर ९.९५ सेकंदांत धावला, कारण क्षणभराच्या झेपेला प्राणवायूची वाट पाहावी लागत नाही आणि विरळ हवा अंगाला अडवत कमी. मेक्सिकोने सिद्ध काय केलं? उंचीवर लढायचं असेल तर उंचीची सवय हवी. हे कुणीच नाकारत नाही. पण उंचीवर राहून आलेला माणूस खाली, पुण्याच्या किंवा बर्लिनच्या रस्त्यावर जास्त वेगाने पळेल का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि मेक्सिकोचं त्यावर काहीच म्हणणं नाही. दोन प्रश्नांची गाठ मारली गेली ती अजून सुटलेली नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं नीट उत्तर यायला आणखी एकोणतीस वर्षं लागली. बेंजामिन लेव्हाइन आणि जेम्स स्ट्रे-गंडर्सन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मला या विषयातला सगळ्यात नेटका वाटतो. त्यांनी ३९ धावपटू घेतले. आधी सगळ्यांना समुद्रसपाटीजवळ काही आठवडे एकसारखा सराव दिला, म्हणजे ‘शिबिरात आल्यामुळे सुधारले’ हा आक्षेप बराचसा बोथट झाला. मग तीन गट पाडले. पहिला २५०० मीटरवर राहायचा आणि तेवढ्याच उंचीवर धावायचा. दुसरा राहायचा २५०० मीटरवर, पण धावायला १२५० मीटरवर उतरायचा. तिसरा खालीच राहायचा, खालीच धावायचा. चार आठवड्यांनी वरच्या दोन्ही गटांच्या तांबड्या पेशी सुमारे नऊ टक्क्यांनी आणि व्हीओटू मॅक्स पाच टक्क्यांनी वाढला. दोघांचं रक्त सारखंच सुधारलं. तरी पाच हजार मीटरच्या शर्यतीत वेळ सुधारली ती एकाच गटाची, वर राहून खाली धावणाऱ्यांची. सुमारे तेरा सेकंदांनी.

असं का, याचं उत्तर धापेबद्दलच्या गैरसमजाचं मूळच उपटतं. विरळ हवेत दर हजार मीटरमागे व्हीओटू मॅक्स साधारण सहा-सात टक्क्यांनी घटतो. म्हणजे ज्या वेगाने खाली धावता येतं त्या वेगाने वर धावताच येत नाही. इंटर्व्हल मंद होतात, पायांची झेप आखडते, स्नायूंवर पडणारा प्रत्यक्ष भार कमी होतो. छाती फुटेस्तोवर धाप लागलेली असते आणि पाय मात्र रोजच्याहून कमी काम करत असतात. सराव म्हणजे स्नायूंवर घातलेला भार. धाप हा त्या भाराचा एक पडसाद. पडसाद मोठा झाला म्हणून मूळ आवाज मोठा होत नाही. आपल्या भाषेत ‘धाप’ आणि ‘दमसास’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. धाप लागते, दमसास कमवावा लागतो. पहिल्या गटाने धाप भरपूर घेतली. दुसऱ्याने वरच्या मुक्कामात रक्त कमावलं आणि खालच्या दाट हवेत पाय कमावले.

‘थोडी उंची चांगली तर जास्त उंची अधिक चांगली’ हेही टिकत नाही. त्याच परंपरेतल्या रॉबर्ट चॅपमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ४८ धावपटूंना चार वेगवेगळ्या उंचींवर ठेवलं, १७८०, २०८५, २४५४ आणि २८०० मीटर. धावायला मात्र सगळे एकत्र, एकाच ठिकाणी. चार आठवड्यांनी खाली आल्यावर तीन हजार मीटरची वेळ सुधारली ती मधल्या दोन गटांची. सर्वात खालच्यांना पुरेसा तुटवडा जाणवला नाही, सर्वात वरच्यांची झोप, भूक आणि विश्रांती बिघडली असावी असा माझा समज आहे. २८०० मीटरवरच लाभ ओसरू लागतो, मग लेहच्या साडेतीन हजार मीटरवर जाऊन ‘ट्रेनिंग’ करण्याला काय अर्थ उरतो?

रक्त जितकं दाट तितकं बरं, हे गृहीतकही तपासायला हवं, कारण ते न बोलता सगळ्यांनीच मान्य केलेलं असतं. १८९० च्या सुमारास व्हिओ नावाचा फ्रेंच वैद्यकशास्त्रज्ञ पेरूमधल्या मोरोकोचा या खाणगावात गेला, आणि तीन आठवड्यांत त्याच्या स्वतःच्या रक्तातल्या तांबड्या पेशी घन मिलिमीटरमागे सुमारे पन्नास लाखांवरून सत्तर लाखांच्या पुढे गेल्या. उंचीमुळे रक्त बदलतं याचा तो पहिला मोठा पुरावा. पण तीन आठवड्यांत अस्थिमज्जा इतक्या पेशी घडवू शकत नाही. उंचीवर पहिल्या काही दिवसांत शरीर रक्तातलं पाणी कमी करतं, रक्त आटतं, त्यामुळे तेवढ्याच पेशी दाटीने दिसतात. लडाखची सहल करून आल्यावर तपासणीत हिमोग्लोबिन एकाने वाढलेलं पाहून खूश झालेले लोक मला भेटले आहेत. ताक आटवलं म्हणून लोणी वाढत नाही, हे त्यांना समजावताना वाईट वाटतं, पण समजावतो.

आणि खरोखरच पेशी वाढल्या तरी तो सदैव गुणच असतो असं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावर चार हजार मीटरच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या पुरुषांचं हिमोग्लोबिन सरासरी १९ च्या घरात असतं. तेवढ्याच उंचीवरच्या तिबेटी पुरुषांचं मात्र १५ ते १६, म्हणजे आपल्या गावातल्या निरोगी माणसाइतकंच. सिंथिया बील यांच्या मोजमापांनी हा फरक पुढे आला. २०१० मध्ये कळलं की तिबेटी लोकांत ईपीएएस-१ या जनुकाचा एक विशेष प्रकार आहे, आणि तो ही पेशीवाढ आटोक्यात ठेवतो. अँडीजमध्ये काहींचं रक्त इतकं दाट होतं की डोकेदुखी, ओठांवर निळेपणा, हृदयावर ताण असा आजार जडतो. कार्लोस मोंगे या पेरूच्या वैद्याने १९२० च्या दशकात त्याचं वर्णन केलं, आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हजारो वर्षं सर्वात उंच राहिलेल्या लोकांच्या शरीराने रक्त पातळ ठेवण्याची वाट धरली, ही गोष्ट उंचीच्या जाहिरातींत कधी येत नाही.

आता केनिया. न्यायशास्त्रात कारण ठरवायची कसोटी म्हणजे अन्वय-व्यतिरेक. कारण असेल तिथे कार्य असावं, कारण नसेल तिथे नसावं. इटेन हे गाव २४०० मीटरवर आहे आणि तिथून अव्वल धावपटू निघतात. इथिओपियाचं बेकोजी त्याहून उंच, आणि देरार्तू तुलू, केनेनिसा बेकेले, तिरुनेश दिबाबा तिथलेच. इथवर अन्वय जुळतो. पण ला पाझ ३६०० मीटरवर आहे. लेह, ल्हासा, नेपाळची डोंगरगावं, पेरूची पठारं, सगळीकडे उंचीच उंची. तिथून मॅरेथॉनचे विश्वविजेते रांगेने का निघत नाहीत? उंची आहे आणि कार्य नाही, तर उंची हे एकट्याने पुरेसं कारण नव्हे. स्वीडिश शरीरशास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन यांनी १९९० च्या दशकात केनियन आणि स्कँडिनेव्हियन धावपटूंची तुलना केली तेव्हा दोघांचा व्हीओटू मॅक्स जवळपास सारखाच निघाला. केनियन त्याच वेगाला प्राणवायू कमी खर्च करत होते. सडपातळ पोटऱ्या, लहानपणापासूनची चाल आणि धाव, यांतून आलेली ही काटकसर. २०१० साली जर्मनीत केनियन आणि जर्मन धावपटूंचं एकूण हिमोग्लोबिन मोजलं, तर केनियन कितीतरी वेगवान असूनही रक्ताच्या बाबतीत दोघे बरोबरीचेच. याशिवाय इटेनच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत १९७६ पासून तळ ठोकून बसलेले ब्रदर कोल्म ओकॉनेल यांच्यासारखे शिक्षक, सकाळी एकत्र निघणारे शेकडो धावणारे, आणि धावण्यातून घर बांधता येतं हे रोज डोळ्यांसमोर दिसणं. ही सगळी कारणं वगळून फक्त हवेला माळ घालणं हे काकतालीय न्यायाचं उदाहरण झालं.

इथे पूर्वपक्षाला एक भक्कम प्रत्युत्तर देता येतं, आणि ते मीच त्याच्या वतीने देतो. इतके जाणकार प्रशिक्षक, इतके पदकविजेते चूक कसे असतील? अविनाश साबळेचंच पाहा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा. बीडचं पठार काही उंच नव्हे. सैन्यात असताना तो सियाचीनला होता. २०२२ साली त्याने अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला, सुमारे १८०० मीटरवर सराव केला, आणि त्याच वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला ८:०९.९१. उंची उपयोगाची नसती तर तो तिथे गेला असता का?

उंची निरुपयोगी आहे असं मी म्हणतच नाही. साबळेच्या पातळीवर रौप्य आणि चौथा क्रमांक यांत एक टक्क्याचंही अंतर नसतं, त्यामुळे एका टक्क्यासाठी महिनाभर घर सोडणं त्याला रास्त आहे. पण त्याच्या वेळांची रांग पाहा. २०१८ मध्ये ८:२९.८०, २०२१ मध्ये टोकियोला ८:१८.१२, मग ८:११, मग ८:०९. सहा वर्षांत वीस सेकंद. त्यात सैन्याची शिस्त आहे, हजारो किलोमीटरची धाव आहे, अडथळ्यांवरची कारागिरी आहे, जगातल्या उत्तम स्पर्धकांसोबत पळणं आहे. या सगळ्यावर उंचीचा पातळसा थर. थर बाजूला काढून दाखवायचा हट्ट धरला तर तो निघत नाही, आणि खालचं सगळं काढून नुसता थर ठेवला तर तो उभा राहत नाही.

शिवाय तो थरही निर्विवाद नाही. २०१२ साली ख्रिस्टॉफ सीबेनमन, कार्स्टेन लुंडबी आणि सहकाऱ्यांनी या विषयात फार क्वचित होणारी गोष्ट केली. त्यांनी सोळा सायकलपटूंना रोज सोळा तास खोल्यांमध्ये ठेवलं. काहींच्या खोलीतली हवा तीन हजार मीटरसारखी, काहींची साधी, आणि कुणाला कुठली हवा हे ना सायकलपटूंना ठाऊक ना मोजणाऱ्यांना. चार आठवड्यांनी फरक आढळला नाही. मी या एका प्रयोगावरून लेव्हाइनचा निष्कर्ष बाद करणार नाही, कारण संख्या लहान आहे आणि खोलीत कोंडलेलं आयुष्य व डोंगरावरचं आयुष्य सारखं नसतं. पण आपल्याला विशेष काही मिळतंय या विश्वासाचाही पायांवर परिणाम होतो, आणि डोंगरावर निघालेल्या माणसापासून डोंगर लपवता येत नाही, ही अडचण मी मान्य करतो. प्रत्येकाचं शरीर उंचीला सारखा प्रतिसाद देत नाही, हेही १९९८ पासून माहीत आहे. काहींचं ईपीओ उसळतं, काहींचं जेमतेम हलतं.

आता ज्यांच्यासाठी हे लिहितोय त्यांच्याकडे वळतो. पाच तासांत मॅरेथॉन पुरी करणाऱ्याला एक-दीड टक्का म्हणजे तीन-चार मिनिटं. त्याच माणसाने सहा आठवडे नियमाने सराव केला, झोप पुरी घेतली, आठवड्यातून एकदा चढावर पळाला, तर त्याच्या पदरात कितीतरी जास्त पडतं. मास्कच्या प्रयोगातला दहा टक्क्यांचा आकडा आठवा. उलट हाच माणूस विमानाने थेट लेहला उतरून तिसऱ्या दिवशी धावायला निघतो, तेव्हा मला खरी भीती वाटते. १९६२ च्या युद्धात आणि नंतर सपाटीवरून घाईने वर नेलेल्या आपल्या जवानांनी या घाईची किंमत मोजली. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या नोंदींवरून पर्वतीय आजारावर लिहिलेला १९६९ सालचा निबंध जगभर आधारभूत मानला गेला. फुफ्फुसांत पाणी भरून धडधाकट तरुण दगावतो, आणि मेहनत जितकी लवकर व जास्त तितका धोका अधिक. म्हणून आजही सैन्यात बारा हजार फुटांच्या आतल्या पहिल्याच टप्प्याला सहा दिवस देतात, आणि त्यातले पहिले दोन निव्वळ विश्रांतीचे. कमावलेल्या जवानाला जे सहा दिवस लागतात, ते आपल्याला दोन दिवसांत उरकतील असं मानू नये.

अजून एक गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. ईपीओचा हुकूम कितीही सुटो, अस्थिमज्जेला लोह मिळालं नाही तर पेशी घडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयी आढळले. म्हणजे आपल्याकडे ज्यांचं रक्त दमसासाला कमी पडतं, त्यांच्यातल्या फार मोठ्या वाट्याला ते हवेमुळे नव्हे, ताटामुळे आणि दुर्लक्षामुळे कमी पडतं. अशा मुलीला डोंगरावर नेलं तर ती रिकाम्या कोठारावर हुंडी काढते.

गेल्या वर्षी सातारा भागातली, तालुक्याच्या क्रीडांगणावर पळणारी एक मुलगी मास्क घ्यावा का म्हणून विचारायला आली होती. ‘सर, दम लवकर जातो हो,’ म्हणाली. तिने पैसेही साठवले होते. मी तिला आधी रक्त तपासून घ्यायला सांगितलं, हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, दोन्ही. हिमोग्लोबिन निघालं ९.६. मास्कचे पैसे तिच्याकडेच राहिले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मी जेवणाबरोबर लिंबू पिळायला आणि जेवणानंतरचा चहा तासभर लांबवायला सांगितलं, आणि पळण्याचं वेळापत्रक तेच ठेवलं. चार महिन्यांनी तिचं हिमोग्लोबिन १२.१ झालं होतं. डोंगरावरच्या शंभर तासांच्या हिशेबाने एवढी वाढ मिळवायची तर तिला तीन महिन्यांहून जास्त काळ वर राहावं लागलं असतं, आणि लोह नसताना ती तिथेही मिळाली नसती. पुढे तिची पातळी तशी झाली, तर हिमाचलात नारकंड्याजवळ शिलारूला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, सुमारे आठ हजार फुटांवर. तिथे तिने तीन आठवड्यांहून कमी राहू नये, आणि वेगाचा सराव करायला गाडीने खाली उतरावं, एवढं मी तिच्या वहीत लिहून ठेवलं आहे.